नवरा बेने इस्राईल, मी हिंदू: लग्नात काय एकत्र करावं, काय नाही?

अबोली_ठाणे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्रच होते, पण इथे अलिबागपासून अमेरिकेतल्या एडिसनपर्यंतची माणसं असतात म्हणून धीर करून विचारते.

मी सीकेपी, तो बेने इस्राईल (कोकणातला मराठी ज्यू समाज). दोघंही ठाण्यात वाढलो, एकाच कॉलेजात शिकलो. त्याच्या घरचं मूळ गाव रेवदंड्याच्या बाजूचं. रडारड, अबोला, "लोक काय म्हणतील" हे सगळं होऊन आता दोन्ही घरांचा होकार आहे. त्यामुळे पुढचा प्रश्न आलाय: लग्न लावायचं कसं?

सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) लागणार नाही हे माहीतच होतं. तरी त्याच्या बाबांनी एकदा विचारून पाहिलं. हाजान काकांनी (ते तिथे प्रार्थना चालवतात) बसवून घेतलं, शरबत दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. मी धर्म बदलणार नाही, तोही बदलणार नाही, हे आम्ही दोघांनी पहिल्यापासून ठरवलंय.

माझ्या आजीला अंतरपाट आणि मंगलाष्टकं हवीत. त्याच्या आईला मेंदी, मलिदा, आणि शेवटी ग्लास फोडायला हवा. ग्लासचं ऐकून आजी म्हणाली, "मंगलकार्यात काच फोडतात? मग शांतही तिथेच करून टाका." आणि गणपतीपूजनाचं ऐकून त्याची आई काहीच बोलली नाही. मला आजीचं बोलणं परवडलं.

मैत्रिणी म्हणतात सगळं एकत्र करा. सात फेरे आणि ज्यू लग्नातले सात आशीर्वाद, मांडव आणि हुप्पा (त्यांचं लग्नाचं छत), किती साम्य आहे बघ! मला ते इव्हेंटवाल्यांच्या माहितीपत्रकासारखं वाटतं. ज्यांनी असं लग्न केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांनी सांगा.

---

सरळसोट

सर्वप्रथम अभिनंदन. दुसरं म्हणजे, आपल्यात सात फेरे कुठले? सप्तपदी असते. सात फेरे हिंदी मालिकांतून आले.

तिसरं: रजिस्टर करा, संध्याकाळी स्वागत समारंभ ठेवा, विषय संपला. दोन्ही धर्मांचं अर्धं अर्धं करण्यापेक्षा कशाचंच न केलेलं बरं.

---

नागाववाली

अबोली, तुझ्या उलट बाजूने लिहिते. मी बेने इस्राईल, नवरा मराठा. लग्नाला बरीच वर्षं झाली, मुलं मोठी आहेत.

सरळसोट यांचं म्हणणं ऐकायला सोपं आहे, पण घरच्या बायकांना समारंभ हवाच असतो आणि तो त्या करतातच. आधी ठरवला नाही तर आयत्या वेळी कोपऱ्यात कुजबुजत होतो. ते जास्त वाईट.

माझा अनुभव असा की साम्य शोधायचं असेल तर ते हुप्प्यात आणि सप्तपदीत शोधू नकोस, लग्नाच्या आदल्या चार दिवसांत शोध. आमच्याकडे हळद लागते, मेंदी होते, हिरवा चुडा भरतात, मंगळसूत्र घालतात, आणि जुन्या काळी नवरदेव फुलांचा शेरा बांधून घोड्यावर बसायचा. यातलं काहीही तोरात (आमच्या धर्मग्रंथात) लिहिलेलं नाही. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला फुटक्या गलबतातून लागले अशी आमच्यात कथा आहे. पुढे कोकणातल्या गावागावांत तेलाचे घाणे चालवत राहिले, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बायकांचं बघत बघत हे सगळं घेतलं. हे घेताना कुणी हाजानला विचारलं नव्हतं, तुम्हालाही विचारायची गरज नाही.

माझी मेंदी माझ्या आईने आणि सासूने मिळून केली. एकीने हिब्रू गाणी म्हटली, दुसरीने ओव्या. दोन्हींना टाळ्यांचा ठेका एकच लागला. चुडा भरायला अलिबागचा एकच कासार. रडलीसुद्धा दोन्हीकडची मंडळी एकदमच. तिथे कुणाला काही 'मिसळावं' लागलं नाही.

आम्ही हुप्पा केला नाही, केतुबाही (लग्नाचा लेखी करार) केली नाही, आणि होमही केला नाही. लग्न कोर्टात लावलं.

---

अबोली_ठाणे

नागाववाली ताई, मन भरून आलं वाचून. पण कोर्टात लागलं ते 'लग्न' वाटलं का हो? आजीचा तोच आक्षेप आहे. "सह्या म्हणजे काय लग्न? सह्या तर बँकेतही करतात."

---

कोर्टकचेरी

आजींना सांगा, सह्यांनी लग्न लागतच नाही. गंमत नाही करत, कायदा असं म्हणतो. वकिलीचा धंदा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी धोक्याची बाब. 'आधी वैदिक पद्धतीने लावू, मग हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवू' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्या कायद्यात दोघंही हिंदू (म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन, शीख) हवेत, आणि मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू यांना नाव घेऊन वगळलेलं आहे. २००८मध्ये एका हिंदू-ख्रिश्चन जोडप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असं लग्न रद्दबातल धरलं. लग्न थाटात झालेलं, आणि कायद्याच्या लेखी झालेलंच नाही. पुढे वारसा, पेन्शन, व्हिसा, सगळीकडे अडतं.

तुमच्यासाठी रस्ता म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. धर्म बदलायची गरज नाही. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस कचेरीत लावून ठेवतात, आक्षेप आला नाही की लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते, पुन्हा द्यावी लागते.

आता बहुतेकांना माहीत नसलेला भाग, कलम १२. लग्न अधिकाऱ्याच्या कचेरीतच व्हायला हवं असं नाही. ठरावीक जादा शुल्क भरून, वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागी अधिकारी येऊ शकतो. आणि लग्न 'पक्षांना हव्या त्या पद्धतीने' लावता येतं. अट एकच: अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना तोंडाने म्हणायचं की मी अमुक, तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून / पती म्हणून स्वीकारतो / स्वीकारते. पक्षांना समजेल अशा कुठल्याही भाषेत. हे म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. प्रमाणपत्रावर सही त्यानंतर.

म्हणजे ज्या वाक्याने तुमचं लग्न लागणार ते तुम्ही मराठीत म्हणू शकता, अंतरपाट धरून म्हणू शकता, पाटावर उभं राहून म्हणू शकता. अधिकारी आधी भेटून पटवावा लागतो एवढंच, कारण सगळ्यांची तयारी नसते.

जाता जाता: हिंदू व्यक्तीने या कायद्याखाली हिंदू नसलेल्याशी लग्न केलं की ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचं धरलं जातं (कलम १९), आणि पुढचा वारसा हिंदू वारसा कायद्याने न चालता १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने चालतो. वडिलोपार्जित मिळकत असेल तर आधी घरी बोलून घ्या.

---

सरळसोट

कलम १२ खरंच माहीत नव्हतं. माझा 'रजिस्टर करा' मागे घेत नाही, पण आता तो जरा बरा दिसतोय.

---

अश्दोदची_मावशी

बाळ अबोली, मी इस्रायलमधून लिहिते. जन्म मुंबईचा, भायखळ्याची. इथे येऊन जन्म गेला तरी घरात मराठीच.

तुमच्या हाजानने नाही म्हटलं त्याचा राग धरू नकोस. हुप्प्याखाली मुलगा अंगठी घालताना म्हणतो की 'मोशे आणि इस्राईलच्या धर्माप्रमाणे' तू मला वाहिलेली आहेस. ज्या मुलीने तो धर्म घेतलेला नाही तिला तो असं म्हणाला तर त्या शब्दांना काही अर्थ उरत नाही. धर्म घ्यायचा म्हटला तर लांबलचक अभ्यास, तीन जणांचं बेथ दिन (धर्मन्यायमंडळ), आणि 'लग्नासाठी' म्हणून घेतलेला धर्म ऑर्थोडॉक्स (परंपरावादी) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, सहसा मानत नाहीत. तू घेत नाहीस, हे प्रामाणिक आहे.

मुलांचंही सांगते, कारण नंतर कुणीतरी टोचून सांगेलच. आमच्यात धर्म आईकडून जातो. तुझी मुलं आमच्या रब्बींच्या लेखी यहुदी नसतील. परतीच्या कायद्याने, १९७०च्या दुरुस्तीपासून, यहुद्याचा जोडीदार, मुलं, नातवंडं इथे येऊन नागरिक होऊ शकतात. पण इथे सरकारी लग्नच नाही, लग्न धर्मपीठाकडेच. त्यामुळे अशा मुलांना पुढे लग्नासाठी सायप्रसला जावं लागतं, नाहीतर हल्ली अमेरिकेतल्या युटाचं ऑनलाइन लग्न करतात, ते नोंदवून घ्यावं असा इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२३चा निकाल आहे.

आणि आमच्या लोकांनी फार नाक वर करायचं कारण नाही. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींनी आम्हा बेने इस्राईललाच विचारलं होतं, तुमच्या आज्यापणज्या नक्की यहुदीच होत्या कशावरून? लग्न लावण्याआधी पिढ्या तपासायचा हुकूम निघाला. आमची माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली, १९६४ मध्ये हुकूम बदलला. आणि त्याच्याही आधी आम्ही कोकणात काय करत होतो? 'गोरे' इस्राईल आणि 'काळे' इस्राईल. ज्यांच्या घरात बाहेरची आई आली त्यांना काळे म्हणायचं, त्यांच्याशी सोयरीक नाही, जेवणाची भांडी वेगळी. माझ्या आजीने हे पाहिलं होतं. ज्यांनी ते सोसलं त्यांचीच पोरं पुढे इथे येऊन 'आमचा अपमान झाला' म्हणून भांडली, आणि बरोबरच भांडली.

म्हणून देखाव्याचा हुप्पा करू नको, पण भिऊनही राहू नको. मलिदा कर. मलिद्याला सिनेगॉग लागत नाही, तो घरचा असतो.

---

एडिसनकर

मावशी, नमस्कार. इथली बाजू थोडी वेगळी आहे म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाची बायको अमेरिकन ज्यू. इथे हे आता नवलाईचं राहिलेलं नाही: प्यू रिसर्चच्या २०२०च्या पाहणीत, २०१०नंतर लग्न झालेल्या ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नव्हता. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बी अशी लग्नं लावत नाहीत. रिफॉर्म (उदारमतवादी पंथाच्या) रब्बींत ज्याच्या त्याच्या मनावर. रिफॉर्मवाले १९८३पासून बापाकडूनही धर्म मानतात, मूल ज्यू म्हणून वाढवलं तर.

आमचा घोळ शनिवारावरून झाला. इथे हॉल, सुट्टी, पाहुणे सगळं शनिवारी. गुरुजींनी शनिवारी सकाळचा मुहूर्त काढून दिला. रब्बी म्हणाल्या (बाई होत्या), शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) संपल्याशिवाय मी उभी राहणार नाही. जूनमध्ये इथे सूर्य साडेआठला मावळतो, आणि शब्बाथ त्याच्याही नंतर. तोपर्यंत आमच्याकडचे काका जेवून झोपायला गेले असते. शेवटी रविवार केला, सकाळी वैदिक, दुपारनंतर हुप्पा, मध्ये कपडे बदलायला वेळ. दोन्ही विधी पूर्ण, एकमेकांत काही घातलं नाही. अंगठी घालताना मावशींनी सांगितलेलं वाक्य नव्हतंच. त्याऐवजी बायबलमधल्या गीतरत्नातलं 'मी माझ्या प्रियकराची, माझा प्रियकर माझा' या अर्थाचं वचन दोघांनी हिब्रूत म्हटलं. केतुबाही वेगळ्या मजकुराची, दोघांनी बसून लिहिलेली.

आता अवघड गोष्ट. स्वस्तिक. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पत्रिकेवर, कलशावर, नारळावर, रांगोळीत, सगळीकडे असतं. वहिनीच्या आजीकडचं अख्खं घराणं पोलंडमध्ये मारलं गेलं. त्या आजी व्हीलचेअरवर येणार होत्या. माझी आई सुरुवातीला म्हणाली, आपलं हजारो वर्षांचं चिन्ह, हिटलरमुळे आपण का सोडायचं? तर्क बरोबर होता. पण ती आजी काही तर्क करायला येणार नव्हती. पत्रिकेवर आणि मांडवाच्या पडद्यावर कमळ काढलं. कलशावरचं कुंकवाचं छोटं स्वस्तिक आईने ठेवलं, आणि वहिनीने आठवडाभर आधी आजीला फोटो दाखवून समजावून ठेवलं. आजी म्हणाली, आधी सांगितलंत ते बरं केलंत.

अबोली, तुमच्याकडे बेने इस्राईल लोकांना स्वस्तिकाची सवय असणार. पण इस्रायलहून पाहुणे येणार असतील तर हे विसरू नका.

---

अश्दोदची_मावशी

खरं आहे. आम्हाला सवय आहे, उंबऱ्यावर बघतच मोठे झालो. पण माझे जावई रोमानियाकडचे. त्यांना पहिल्यांदा पुण्यात एका दुकानाच्या पाटीवर दिसलं तेव्हा हात धरला माझा.

---

बाबूराव_बेधडक

[प्रतिसाद काढून टाकला आहे. धाग्याच्या विषयावर लिहा, लेखिकेच्या निवडीवर नाही. – व्यवस्थापक]

---

पंचांगवाला

तारखेचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. हा धागा वाचून दोन्ही पंचांगं शेजारी ठेवून बसलो आणि रात्र गेली.

दोन्ही पंचांगांची जात एकच. महिने चंद्राचे, वर्ष सूर्याशी जुळवायचं, म्हणून मधून मधून अधिक महिना. त्यांच्याकडे १९ वर्षांत ७ वेळा अदार महिना दोनदा येतो. आपल्याकडे अधिकमासाचा महिना बदलता. फरक असा की त्यांच्या अधिक महिन्यात लग्न चालतं, आपल्याकडे नाही.

मे २०२६ बघा. पेसाख या त्यांच्या वसंतातल्या सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून ओमेरचे ४९ दिवस मोजतात, त्यातल्या सुरुवातीच्या दिवसांत लग्न नाही. बेने इस्राईल सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंची) रीत पाळतात, त्यांना ३४व्या दिवसापासून मोकळं, म्हणजे ६ मेपासून. आणि आपला अधिक ज्येष्ठ लागतोय १७ मेला, तो १५ जूनपर्यंत. मधले ६ ते १६ मे मिळाले, त्यातले शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार वजा. अधिकमास संपला की १६ जून ते १ जुलै, कारण २ जुलैपासून त्यांचे मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचे तीन आठवडे, ते २३ जुलैला संपतात. लगेच २५ जुलैला आषाढी, चातुर्मास सुरू. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याचं लागतं.

मंगळवारची मजा वेगळी. आपल्याकडे शुभकार्याला मंगळवार बरेच जण टाळतात. त्यांच्याकडे तो खास चांगला, कारण सृष्टीच्या कथेत तिसऱ्या दिवशी 'चांगलं आहे' हे दोनदा म्हटलंय.

---

अबोली_ठाणे

पंचांगवाले काका, दंडवत! मेमधल्या त्या दहा दिवसांत ठाण्यात एकही हॉल नाही. डिसेंबर बघू का? त्याची आई म्हणते हनुक्का (त्यांचा दिव्यांचा सण) आहे.

---

पंचांगवाला

हनुक्का ४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून १२पर्यंत. त्यात लग्न चालतं. तुळशीची लग्नं आधीच लागलेली असतील. आजीला रविवारचा मुहूर्त काढून द्या, दोन्हीकडे बसेल.

---

पौरोहित्य_पुणे

मी पौरोहित्य करते. अशा काही लग्नांना बोलावणं आलंय, म्हणून माझं मत स्पष्टच लिहिते.

ज्याची श्रद्धा नाही त्याच्या हातात पळी देऊन संकल्प सोडायला लावू नये. संकल्पात गोत्र विचारतात. त्याला गोत्र नाही, मग काहीजण काश्यप म्हणून चालवून घेतात. चालतं, पण त्या मुलाने कशासाठी खोटं गोत्र सांगायचं? आणि यहुदी माणसाला मूर्तीपुढे हात जोडायला लावणं हा त्याच्या धर्मातला सगळ्यात मोठा निषेध मोडायला लावणं आहे. त्याची आई गप्प बसली ती यासाठी.

तोडगा जुनाच आहे. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, देवक हे सगळं आदल्या दिवशी मुलीच्या घरी, मुलीच्या आईवडिलांनी करायचं. तिथे नवरदेव असतोच असं नाही. आजीचं समाधान पूर्ण. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मूर्ती नको, होम नको. अंतरपाट आणि मंगलाष्टकं ठेवा. अंतरपाट म्हणजे मधे धरलेलं वस्त्र, त्यात पूजा नाही. मंगलाष्टकांत देवांची नावं असतात, पण तीच म्हटली पाहिजेत असं कुठे आहे? घरोघरी मावश्या-आत्या नवी रचतात. 'कुर्यात् सदा मंगलम्' शेवटी आलं की झालं.

आणि 'सप्तपदी + सात आशीर्वाद' ही भेळ करू नका. सप्तपदीत पावलागणिक नवराबायको एकमेकांशी बोलतात, अग्नी साक्षी असतो. तुमच्या सासरच्या सात आशीर्वादांत (मी वाचलेत) स्तुती देवाची आहे, द्राक्षांपासून सुरुवात होते आणि जेरुसलेमपर्यंत जाते. आकडा सात आहे, बाकी काही सारखं नाही.

---

नागाववाली

पूर्ण अनुमोदन. आमच्याकडचं एक सुंदर आहे ते मात्र घे. लग्नात नवरी आत येते तेव्हा नवरदेव तिच्यासाठी 'योनाती झिव' हे हिब्रू गीत गातो. सगळ्यांसमोर, स्वतः. ही आमच्या समाजाची खास रीत. त्याने हॉलच्या दारापाशी ते गावं आणि तू पांढरी साडी नेसून यावंस. सिनेगॉगमध्ये आमची नवरी पांढऱ्याच साडीत असते.

---

अबोली_ठाणे

पांढरी साडी?? आजी हा धागा वाचत नाही म्हणून बरं.

---

नागाववाली

लाल काठाची घे. माझी तशीच होती.

---

ताटवाटी

मलिदा म्हणजे नक्की काय? आमच्या शेजारी केहिमकर काकू द्यायच्या, गोड पोह्यांसारखं काहीतरी आठवतं.

---

अश्दोदची_मावशी

पोहे धुऊन निथळायचे, त्यात खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, जायफळ, काजू-बेदाणे. शिजवायचं नाही. ताटात मधे डोंगर करायचा, भोवती फळं. एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घेऊन प्रार्थना, मग झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतल्या पिकाचा वेगळा, एकेक तोंडात घालायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, एलियाहूच्या रथाच्या म्हणतात, नवस फेडायला तिथेही जातात. इस्रायलमध्ये आम्ही अजून करतो, पोहे भारतीय दुकानातून आणून.

मूर्ती नाही, होम नाही, दारू नाही. द्राक्षारसाचा आशीर्वाद हवा असेल तर आमच्याकडे काळ्या मनुका भिजवून पिळलेलं शरबत असतं, शुक्रवारी तेच वापरतो. अबोलीच्या हाजानकाकांनी तेच पाजलं असेल तर नवल नाही.

---

एडिसनकर

ग्लासचं राहिलं. आजींना सांगा, त्यांचं मंदिर पडलं, इसवी सन ७०मध्ये, त्याची आठवण आनंदातही ठेवायची म्हणून फोडतात, असं सांगतात. आणि जाड रुमालात गुंडाळून फोडा, आमच्याकडे भावाच्या मोजडीतून काच आत गेली होती.

---

अबोली_ठाणे

आजीला सांगितलं. म्हणाली, "हे आधी सांगायचं ना. दुःखाची आठवण ठेवतात ते चांगलं आहे. पण फोडायचा तर मंगळसूत्र घालायच्या आधी." त्याच्या आईला चालतंय. हे कुणाच्याच शास्त्रात नसेल, पण ठरलं.

---

पौरोहित्य_पुणे

आता आहे.

---

वृत्तबद्ध

मंगलाष्टकाची हौस आहे म्हणून एक कडवं देतो. शार्दूलविक्रीडित, मात्रा-गण तपासून घ्यावेत. 'कोर्टकचेरी' यांचं कलम १२ जमेल तसं कोंबलंय.

आले दूर समुद्र लंघुनि कुणी, झाले मराठी घरी
शब्बाथी दिवली तशीच समई लावू नव्या ओसरी
साक्षी तीन समोर, वाक्य वदता झाली खरी सोयरी
नांदो दोन कुळे सुखात मिळुनी, कुर्यात् सदा मंगलम्

---

सरळसोट

'नव्या'मधला न लघू धरलाय का? जोडाक्षराआधी गुरू नको?

---

वृत्तबद्ध

मराठीत 'नव्या'वर आघात नाही, लघूच. पण तुम्ही मोजलंत म्हणून आनंद झाला.

---

नागाववाली

फार छान! आमच्या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचायचे, साकी-दिंडी-आर्या सगळं असायचं. मेंदीच्या रात्री त्यातलं एखादं म्हणणारं कुणी मिळालं तर बघ.

---

ताटवाटी

जेवणाचं काय ठरलं? सीकेपी लग्न आणि कोळंबी नाही??

---

अबोली_ठाणे

नाही ना. खवले आणि पर असलेलीच मासळी चालते, म्हणून कोळंबी बाद, सोडे बाद. मटण ठेवलं तर त्यासोबत दूधतूप नाही, म्हणजे श्रीखंडही बाद, आणि मुळात त्यांच्या पद्धतीने कापणारा शोहेत मिळवावा लागतो. शेवटी पूर्ण शाकाहारी केलंय: वालाचं बिरडं, मसालेभात, अळूवडी, श्रीखंड. इस्रायलच्या पाहुण्यांसाठी वेगळी नवी भांडी आणि फळं. माझे काका म्हणतात, दोन मांसाहारी घरांचं लग्न आणि जेवण देवळातलं.

सोड्याची खिचडी पाचपरतावनाला आईकडे. नवरदेवाला विचारलं खाणार का, तर म्हणतो सासूबाईंनी वाढल्यावर नाही कसं म्हणणार, फक्त इस्रायलच्या आत्याला कळू देऊ नका.

---

अश्दोदची_मावशी

कुठे राहते त्याची आत्या? अश्दोदला का?

---

रिमझिम२

धागा उशिरा वाचला, आमच्या घरी अगदी हाच विषय आहे (मुलगी ख्रिश्चन). डिसेंबरच्या लग्नासाठी नोटीस कधी द्यायची? आणि साक्षीदार घरचे चालतात का?

---

कोर्टकचेरी

पहिल्या पंधरवड्यात लग्न असेल तर ऑक्टोबरात द्या. ३० दिवसही भरतात आणि तीन महिनेही उलटत नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी दिलीत तर बाद होईल. साक्षीदार घरचे चालतात, तिघांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे आधी तपासून घ्या. अधिकारी हॉलवर हवा असेल तर नोटीस देतानाच विचारा, शेवटच्या आठवड्यात नाही.